शाळेत ग्राहक हक्क शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हायस्कूलला शिकवतो आणि आमच्या शाळेत बरीच वर्षं ग्राहक मंडळ चालवतोय. त्यामुळे इतर शाळांचे शिक्षक, पालक आणि मुलंसुद्धा सारखे काही ना काही विचारत असतात, आणि प्रश्न बहुतेक तेच तेच असतात. ते सगळे इथे एकत्र केलेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एकच गोष्ट दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी "अमुक प्रश्न बघा" लिहिलंय, तेवढं सांभाळून घ्या.

१. सर, कितवीपासून सुरू करायचं? आणि कायद्याची पुस्तिका वाचून दाखवली की मुलं झोपतात, मग सुरुवात कुठून?

पाचवीपासून आरामात करता येतं, पण कायद्यापासून करूच नका. पहिल्या तासाला मुलांना फक्त एवढंच सांगा की उद्या येताना घरातलं एक रिकामं पाकीट आणि एक बिल घेऊन या, कसलंही चालेल, बिस्किटाचं, साबणाचं, औषधाचं. दुसऱ्या दिवशी अर्ध्या मुलांकडे पाकीट असतं आणि बिल जेमतेम चार-पाच जणांकडे असतं, आणि तिथेच विषय सुरू होतो, कारण "बिल का नाही आणलं" असं विचारलं की उत्तर येतं "सर, दुकानदार देतच नाही" किंवा "आई मागतच नाही". मग फळ्यावर लिहा: बिल नाही तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? आठवी-नववीला कायद्याचं नाव, आयोग (म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निकाल देणारी कोर्टासारखी यंत्रणा), मुदती हे सगळं आणा, त्याआधी नको.

२. कायदा नेमका कोणता शिकवायचा, १९८६ चा की २०१९ चा? जुन्या गाइडमध्ये वेगळं लिहिलंय.

आता २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू आहे, तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. १९८६ चा रद्द झालाय पण इतिहास म्हणून सांगा, कारण २४ डिसेंबरला आपण राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतो तो १९८६ साली त्या दिवशी त्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली म्हणून. १५ मार्चचा जागतिक ग्राहक दिन वेगळा, तो १९६२ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी ग्राहकांच्या हक्कांबद्दल तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, खास संदेश पाठवला त्याची आठवण. मुलं हे दोन दिवस हमखास गोंधळतात.

आणि हे पण आवर्जून सांगा की १९८६ चा कायदा यायच्या आधीच आपल्याकडे काम सुरू झालं होतं. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली, लोक एकत्र येऊन महिन्याचा किराणा घाऊक भावात आणून आपसात वाटून घ्यायचे. म्हणजे कायदा वरून आलेला नाही, लोकांनी आधी कामाला सुरुवात केली, हे मुलांना कळलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

सहा हक्क आहेत: सुरक्षिततेचा, माहितीचा, निवडीचा, म्हणणं ऐकून घेतलं जाण्याचा, दाद मागण्याचा आणि ग्राहक शिक्षणाचा. पाठ करून घेऊ नका. प्रत्येक हक्काला घरातलं एक उदाहरण मुलांनाच शोधू द्या, मग आपोआप लक्षात राहतात.

३. पाकिटावर मुलांना काय काय बघायला शिकवायचं?

उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन किंवा माप, कधी बनवलं किंवा पॅक केलं तो महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, आणि ग्राहक तक्रारीसाठी फोन-ईमेल. खाण्याचं असेल तर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक, आणि शाकाहारी-मांसाहारी खूण. मांसाहारीची खूण आता तपकिरी चौकोनात तपकिरी त्रिकोण अशी आहे, जुन्या तक्त्यांवर अजून गोल ठिपकाच दिसतो तर तो बदलून घ्या. "बेस्ट बिफोर" आणि "एक्स्पायरी" एकच नाही, पहिल्यानंतर चव-दर्जा कमी होऊ शकतो, दुसऱ्यानंतर खायचंच नाही.

सगळ्यात मजा येते ती युनिट सेल प्राइसला. पाकिटावर एका ग्रॅमचा किंवा मिलीचा भाव छापलेला असतो, एक किलोच्या वर असेल तर किलोचा. मुलांना एकाच मालाची छोटी आणि मोठी पाकिटं आणायला सांगा आणि भाव ताडून बघा. मोठं पाकीट स्वस्तच असतं असं आपण धरून चालतो, ते दर वेळी खरं नसतं, आणि हे गणिताच्या तासालाही घेता येतं.

खेळण्यांवर आयएसआय खूण बघायला लावा, १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. जत्रेतली खेळणी तपासली की बऱ्याच खेळण्यांवर खूणच सापडत नाही, यावर वर्गात चांगली चर्चा होते. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्कसोबत सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून मुलांनी घरीच तपासावा, आया स्वतःहून दागिने काढून देतात.

गॅस सिलिंडर तर प्रत्येकाच्या घरी असतो. वरच्या पट्टीवर ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि वर्षाचे शेवटचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, असं पुढे, आणि ती सिलिंडरच्या पुढच्या चाचणीची तारीख असते, ती उलटून गेलेली असेल तर सिलिंडर घ्यायचा नाही. रिकाम्या टाकीचं वजन वर लिहिलेलं असतं, त्यात घरगुती गॅसचे १४.२ किलो मिळवायचे आणि वजन करून घ्यायचं. डिलिव्हरीवाल्याकडे काटा असायला हवा, मागायला लाजायचं नाही.

४. गावात दुधाच्या पिशवीला, कोल्ड्रिंकला एक-दोन रुपये जास्तच घेतात, "फ्रिजचे" म्हणून. हे चालतं का?

नाही चालत. एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किंमत, त्यावर फ्रिजचा, लाइटबिलाचा, लांबून आणल्याचा असा कुठलाच चार्ज दुकानदार लावू शकत नाही. त्याला कमी किमतीत विकता येतं, जास्त नाही. छापलेल्या एमआरपीवर जास्त किमतीचा स्टिकर चिकटवणंही बेकायदा आहे, कमी किमतीचा चालतो पण त्याने मूळ किंमत झाकली जाता कामा नये. याची तक्रार वैधमापनशास्त्र विभागाकडे करायची, लोक त्याला अजून वजनमापे खातंच म्हणतात, किंवा सरळ १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर (प्रश्न ८ बघा).

मिठाईचं पण इथेच सांगून टाकतो. दिवाळीत पेढे खोक्यासकट तोलतात, म्हणजे पुठ्ठा पेढ्याच्या भावाने घेतला जातो. वजन मालाचंच झालं पाहिजे, खोकं आधी काट्यावर ठेवून शून्य करायला सांगायचं. सुट्या मालाला मात्र एमआरपी नसते, भाजी-धान्याचा भाव दुकानदार ठरवणार.

५. मग हॉटेलात पाण्याच्या बाटलीला जास्त लावतात ते कसं काय? मुलं हाच प्रश्न विचारतात आणि आम्ही गप्प बसतो.

गप्प बसू नका, उत्तर आहे. डिसेंबर २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून आपण बाटली घेतो तेव्हा ती नुसती विक्री नसते, जागा, टेबल, वाढप अशी सेवा पण त्यात असते, म्हणून तिथे एमआरपीपेक्षा जास्त आकारलं तर वजनमापे कायद्याचा भंग होत नाही. पण नुसती बाटली विकणाऱ्या टपरीला, किराणा दुकानाला, बसस्टँडवरच्या स्टॉलला ही सूट नाही. आणि एकाच मालावर ठिकाण बघून दोन वेगवेगळ्या एमआरपी छापायला १ जानेवारी २०१८ पासून बंदी आहे.

सर्व्हिस चार्ज ही वेगळी भानगड. तो कर नाही, हॉटेलने लावलेली रक्कम आहे, आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय की तो बिलात आपोआप घालायचा नाही, जबरदस्ती करायची नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने हे नियम कायम ठेवले. जीएसटी मात्र द्यावाच लागतो, मुलं दोन्ही एकच समजतात.

आणि सिनेमा थिएटर: बाहेरचे पदार्थ आत आणू न देण्याचा हक्क त्यांना आहे असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये म्हटलंय, पण प्यायचं पाणी फुकट दिलं पाहिजे हे पण त्यातच आहे.

६. बिल मागितलं की "पक्कं बिल घेतलं तर जीएसटी लागेल" म्हणतात, आणि बिलावर "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असा शिक्का. यावर मुलांना काय सांगू?

पहिलं, वस्तू-सेवेचं बिल न देणं ही २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. जीएसटीत नोंदलेल्या दुकानदाराने २०० रुपयांपेक्षा कमी रकमेचं बिल गिऱ्हाइकाने मागितलं नाही तर नाही दिलं चालतं, पण मागितलं तर द्यायचं. एमआरपीत कर आधीच धरलेला असतो त्यामुळे "वरून जीएसटी" ही गोष्ट एमआरपीच्या मालाला लागूच होत नाही. बिलावरचा जीएसटी नंबर १५ अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर सुरुवात २७ ने होते, मुलांना हे शोधायला फार आवडतं. काही छोटे दुकानदार कंपोझिशन म्हणजे जीएसटीच्या छोट्यांसाठीच्या सोप्या योजनेत असतात, त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही आणि तसं बिलावर लिहिलेलं असावं लागतं.

दुसरं, तो शिक्का. माल सदोष निघाला आणि दुकानदार परत घेत नसेल तर शिक्क्याचा काही उपयोग नाही. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच आहे. पण नीट वाचा, *सदोष* माल. रंग आवडला नाही, भावाकडे तसलंच निघालं, यासाठी परत घ्यायची सक्ती नाही, ती दुकानदाराची मर्जी. ही रेघ मुलांना स्पष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर पोरं दुकानात जाऊन चुकीचं भांडतात आणि पुढच्या खऱ्या तक्रारीलाही कोणी विचारत नाही.

आमच्याकडे सातवीतल्या एका मुलीचं नवं दप्तर आठवड्यात उसवलं, चेनच निघून आली. दुकानदाराने शिक्क्याकडे बोट दाखवलं. तिने वर्गात पत्र लिहिलं, सहा ओळींचं, तारीख, बिल नंबर, दोष काय, काय हवं, किती दिवसांत. वडिलांनी सही केली, पत्राच्या प्रतीवर दुकानदाराची पोच मागितली. पोच द्यायच्या ऐवजी त्याने दप्तर बदलून दिलं. ते पत्र मी आजही नमुना म्हणून दाखवतो.

७. म्हणजे मुलगा स्वतः तक्रार करू शकत नाही का? खाऊचे पैसे तर त्याचेच असतात.

ग्राहक तोही असतोच. पण आयोगात तक्रार दाखल करताना ग्राहक अज्ञान म्हणजे १८ च्या आतला असेल तर आई-वडील किंवा कायदेशीर पालक ती करतात, २०१९ च्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलंय. दुकानदाराला पत्र लिहिणं, कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करणं, पालकांसोबत बसून १९१५ वर फोन करणं हे मूल करूच शकतं, आणि करू द्या. मामाने वाढदिवसाला दिलेली वस्तू बिघडली तरी प्रश्न नाही, विकत घेणाऱ्याच्या परवानगीने वापरणारा पण ग्राहकच धरतात.

८. तक्रार करायची म्हणजे नेमकं कुठे? कोर्टाचं नाव काढलं की पालक मागे सरतात.

क्रमाने जा. आधी दुकानदार किंवा कंपनीला लेखी. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, ते कंपनीकडे पाठपुरावा करतात आणि बऱ्याच गोष्टी इथेच मिटतात. हेल्पलाइन निकाल देत नाही हे मात्र सांगा.

तिथे नाही झालं तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. ५ लाखांपर्यंत काहीच फी नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. मुदत दोन वर्षांची, कारण घडल्यापासून. ऑनलाइन ई-जागृती पोर्टलवर दाखल होते, आधी ई-दाखिल होतं. कायद्यात मालाच्या चाचणीची गरज नसलेल्या प्रकरणाला तीन महिने आणि असलेल्याला पाच महिने असं उद्दिष्ट आहे, प्रत्यक्षात यापेक्षा जास्त लागतात हे मुलांपासून लपवू नका, खोटी आशा देऊन काय उपयोग. पण कागद नीट असतील तर प्रकरण सरळ जातं, म्हणूनच मी बिल-बिल करत असतो.

९. मुलं आता सगळं ऑनलाइन घेतात. इन्स्टावरच्या पेजवरून शूज मागवले, आले नाहीत. हे पण यात येतं का?

येतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि एका महिन्यात निवारण करावं लागतं. वस्तू कुठल्या देशात बनली हे पण दाखवावं लागतं. पण इन्स्टाच्या पेजला पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही, आधी पैसे पाठवा म्हणतात, तर ती खरेदी करूच नका हेच शिकवा. पैसे घेऊन ब्लॉक केलं, ओटीपी काढून घेतला, खोटी लिंक पाठवली तर ते १९१५ चं काम नाही, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन, तासाभराचा उशीर पण महागात पडतो. हे दोन नंबर मी वर्गाच्या भिंतीवर शेजारी-शेजारी लावलेत.

नववी-दहावीला डार्क पॅटर्न, म्हणजे वेबसाइट-ॲपवर गिऱ्हाइकाला फसवायच्या युक्त्या, जरूर घ्या. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय प्राधिकरणाने असे १३ प्रकार यादी करून बंद केलेत: न विचारता कार्टमध्ये विमा किंवा देणगी टाकणं, "फक्त २ शिल्लक" अशी खोटी घाई लावणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, सदस्यत्व घेणं सोपं आणि बंद करणं अवघड ठेवणं. मुलांना आठवडाभर स्क्रीनशॉट जमवायला सांगा, आपल्यापेक्षा जास्त तीच शोधतात. रील करणारा माणूस पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन शिफारस करत असेल तर ती जाहिरात आहे हे त्याने सांगितलं पाहिजे, हेही याच तासाला.

१०. आमची शेतकऱ्यांची मुलं विचारतात, सोयाबीनचं बियाणं उगवलंच नाही तर बाबा ग्राहक आहेत का? शेती तर धंदा झाला ना?

या प्रश्नावर मी पूर्ण तास घालवतो, तुम्हीही घालवा. धंद्यासाठी, म्हणजे पुन्हा विकायला किंवा व्यापारी कारणासाठी माल घेतला तर तो ग्राहक नाही, हे खरं. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वतः राबून केलेला उद्योग यातून वगळलाय. रिक्षावाल्याने स्वतः चालवायला रिक्षा घेतली, शिवणकाम करणाऱ्या ताईने मशीन घेतलं, तर ते ग्राहकच. आणि २०१२ मध्ये राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बियाणं विकत घेणारा शेतकरी ग्राहक आहे आणि ग्राहक मंचात (आताच्या आयोगात) दाद मागू शकतो.

उगवण झाली नाही तर लगेच, दुबार पेरणीच्या आधी, तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यायची. तालुक्याची तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते, तो पंचनामा आयोगात फार कामाला येतो. बिल, रिकामी पिशवी, पिशवीवरचा टॅग जपून ठेवायचा, आणि मूठभर बियाणं बाजूला काढून ठेवलं तर उत्तम. अर्थात शेतकरी सगळं बियाणं पेरतोच, नमुना ठेवला नाही म्हणून त्याचा दावा पडत नाही असंही कोर्टाने त्याच निकालात म्हटलंय. पण पिशवी जाळून टाकायची किंवा तिचं बुजगावणं करायचं आपल्याकडे चालतं, तर मुलांनाच सांगा की जूनमध्ये घरातल्या सगळ्या पिशव्या, टॅग आणि बिलं एका जागी ठेवायची जबाबदारी तुमची. आमच्या शाळेत दोन-तीन मुलांनी तसं केलं होतं आणि एका घराला त्याचा खरंच उपयोग झाला.

११. शाळेविरुद्ध तक्रार होते का? हा प्रश्न पालकसभेत आला आणि मुख्याध्यापक नाराज झाले.

खरं ते सांगावं, नाराज होण्यासारखं काही नाही. परीक्षा मंडळ परीक्षा घेतं तेव्हा ते "सेवा" देत नाही असं सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये ठरवलं, म्हणजे गुण कमी पडले म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही. शाळा-कॉलेजच्या शिक्षणाबद्दल पण राष्ट्रीय आयोगाने जानेवारी २०२० मध्ये असंच म्हटलं की ते या कायद्यात येत नाही. खासगी क्लासेस मात्र त्याच निकालात वेगळे काढलेत, ते येतात. फी भरून घेतली आणि बॅच बंद केली तर क्लासविरुद्ध तक्रार होऊ शकते. क्लासच्या जाहिरातींसाठी १३ नोव्हेंबर २०२४ चे नियम आहेत: टॉपरचा फोटो त्याच्या लेखी संमतीशिवाय लावायचा नाही, ती संमती पण निकालानंतरच घ्यायची, आणि त्याने नेमका कुठला कोर्स केला होता हे लिहायचं. चौकातला फ्लेक्स वाचून बघा, यातलं किती पाळलंय ते मुलंच सांगतील.

शाळेच्या फीची तक्रार विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाते, ग्राहक आयोगाकडे नाही. वह्या-गणवेश अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती झाली तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे.

१२. सरकारी दवाखान्यात नीट उपचार नाही मिळाले तर? आणि वकिलाने केस नीट लढवली नाही तर?

सगळ्यांनाच पूर्णपणे फुकट उपचार देणारा सरकारी दवाखाना या कायद्यात येत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९९५ चा निकाल आहे. पैसे घेणारे डॉक्टर-हॉस्पिटल येतात. वकील येत नाहीत, मे २०२४ चा निकाल. वीजबिलाचं गाऱ्हाणं आधी वीज कंपनीच्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे, बँकेचं रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे नेलं तर लवकर सुटतं.

१३. वर्गात किराणा दुकानदाराचीच मुलगी आहे. हे शिकवताना तिला अपराध्यासारखं वाटतं.

हा प्रश्न एका मॅडमनी पाठवला आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "दुकानदार लुबाडतात" हे वाक्य वर्गात येऊच देऊ नका. छोटा दुकानदारही ग्राहकच असतो, घाऊक व्यापाऱ्याने, कंपनीने त्याच्या गळ्यात मारलेला मुदत संपत आलेला माल त्यालाच सोसावा लागतो. त्या मुलीच्या वडिलांना वर्गात बोलवा, काट्यावर दरवर्षीचा शिक्का कसा मारून घ्यावा लागतो, मार्जिन किती असतं, उधारी कशी बुडते, हे त्यांच्या तोंडून ऐकू द्या. आमच्याकडे असेच एक काका आले, काटा सोबत घेऊन आले, आणि मुलांनी प्रत्येक वजन तपासून बघितलं. त्या दिवसापासून ती मुलगी मंडळाची सचिव आहे.

१४. २४ डिसेंबरला भाषण आणि निबंध सोडून काय करता येईल? मार्क कसे द्यायचे?

निबंधाला मार्क देऊ नका, पत्राला द्या. प्रत्येक मुलाने वर्षात एक खरी तक्रार किंवा खरी विचारणा लिहायची, खरी म्हणजे पाठवायची, आणि उत्तर आलं की नाही त्याची नोंद ठेवायची. २४ डिसेंबरला आम्ही ती पत्रं आणि आलेली उत्तरं व्हरांड्यात दोरीला लावतो, पालक थांबून वाचतात आणि आपली गाऱ्हाणी सांगायला लागतात, मग मुलंच त्यांना टेबलावर बसवून पत्र लिहून देतात. उत्तर न आलेल्या पत्रांची वेगळी दोरी असते. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी त्या दोरीवरच्या प्रत्येक पत्राचं स्मरणपत्र जातं.